सत्काराला नाव कुणाचं पाठवायचं? सरकारी हिशेबातला कर्ता माणूस असा ओळखा

मार्च संपला की आमच्या कोल्हापुरात सत्कारासाठी नावं मागवायला सुरुवात होते. संघटना मागवते, खातं मागवतं, कुणी पुरस्काराचा प्रस्ताव करायला घेतं, आणि लेखा विभागाचं नाव बहुतेक वेळा एकाच वाक्यावर जातं, की साहेबांनी १०० टक्के निधी खर्च केला. मी या जिल्ह्यात लेखा शाखेत तीस वर्षं काढली, रिटायर झाल्यावर तीनचार वेळा नावं निवडायला पण बसलो, आणि मला मनापासून वाटतंय की त्या एका वाक्यामुळं खरी माणसं मागं राहतात. तुमच्यावर नाव सुचवायची जबाबदारी आली असेल तर मी काय काय बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे १०० टक्के हा आकडा बाजूला ठेवा आणि महिनावार खर्चाचा तक्ता मागा. बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी कधी आला, प्रशासकीय मान्यता कधी झाली, वर्क ऑर्डर कधी निघाली, बिल ट्रेझरीत कधी गेलं, या चार तारखा एका कागदावर लिहून काढा. निधी ऑक्टोबरात आला आणि सगळी बिलं २८ ते ३१ मार्चच्या दरम्यान निघाली, तर तो खर्च झाला खरा पण त्यात नेतृत्व काय दिसत नाही, उलट त्या चार दिवसांत कोण काय तपासणार, रात्री बारापर्यंत ट्रेझरीत उभं राहून नुसते टोकन नंबर घेतलेले असतात. ज्या माणसानं सप्टेंबरातच सगळ्या खातेप्रमुखांना बसवून कुठली योजना अडकलीय आणि का अडकलीय ते विचारलं, जमीन नसेल तर काम बदलून घ्या म्हणून सांगितलं, त्याच्याकडचा मार्च शांत जातो. शांत मार्च एंड दिसला की तिथं थांबायचं आणि त्यामागं कोण आहे ते शोधायचं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची, ती म्हणजे ताळमेळ, बँकेची आणि वहीची शिल्लक जुळवणं. कॅशबुक मागा, ग्रामपंचायत असेल तर नमुना ५ ची रोकडवही, आणि मधलाच कुठलातरी महिना उघडा, एप्रिल किंवा मार्च नको, जुलै उघडा. महिनाअखेरच्या पानावर पासबुकाची शिल्लक, न वठलेले चेक, बँकेत जमा पण वहीत न घेतलेल्या रकमा आणि शेवटी वहीची शिल्लक, असा जुळवलेला हिशेब आहे का बघा, खाली सही आणि तारीख आहे का बघा. एका ऑफिसात मी असं पान बघितलं होतं, ४१२ रुपयांचा फरक होता आणि त्याच्यासमोर बारीक अक्षरात लिहिलेलं, "बँकेनं चेकबुकाचे पैसे दोनदा कापले, पत्र दिले", पुढच्या महिन्याच्या पानावर तेच ४१२ जमा, लाल शाईनं टिक केलेली. ४१२ रुपयांसाठी बँकेला पत्र लिहायला लावणारा अधिकारी ४ कोटी कसे सांभाळत असेल ते मला वेगळं विचारावं लागलं नाही, आणि याउलट जिथं फरकाची रक्कम तीन वर्षं तशीच पुढं ओढत नेलेली असते तिथं कितीही चकचकीत प्रेझेंटेशन दाखवलं तरी मी ते नाव पुढं करत नाही.

ऑडिटचं बघताना लोकांचा एक गैरसमज असतो, आक्षेप शून्य म्हणजे चांगला माणूस. तसं नसतंय वो. जो काम करतो त्याच्यावर आक्षेप येणारच, स्थानिक निधी लेखापरीक्षा येते, महालेखापालांचं पथक येतं, जिल्हा परिषदेला विधिमंडळाची पंचायत राज समिती येऊन अधिकाऱ्यांची साक्ष घेते. बघायचं काय, तर हा माणूस हजर झाला तेव्हा किती पॅरे, म्हणजे ऑडिटचे आक्षेप, पेंडिंग होते आणि बदलून गेला तेव्हा किती राहिले, आणि जे मिटले ते कशानं मिटले. नुसतं "नोंद घेतली, यापुढे दक्षता घेऊ" असं अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, लिहून ढकललं, की वसुलीचं चलन, सापडलेलं व्हाउचर, मोजमाप पुस्तकाचं, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीचं, पान जोडलं. आणि तोच आक्षेप पुढच्या वर्षी परत आला का हे तर बघाच. जुन्या पॅऱ्यावर बसणं हे फार कंटाळवाणं काम आहे, ज्यांनी चूक केली ते कधीच रिटायर झालेले, कागद कुठल्यातरी पोत्यात, आणि ते मिटवून स्वतःला मिळत काहीच नाही. तरी जो माणूस शनिवारी येऊन पोती उघडून बसतो आणि आपल्याबरोबर दोन क्लार्कना शिकवतो, त्याचं नाव लिहायचं राहता कामा नये.

आता नाही म्हणण्याबद्दल. लेखा विभागाला सगळे अडवणारे म्हणतात आणि काही जण खरंच अडवतात, एकाच बिलावर पाच वेळा वेगवेगळी त्रुटी काढतात, त्याला मी शिस्त म्हणणार नाही. चांगल्या अधिकाऱ्याचा शेरा कसा असतो ते एका फाईलवर वाचलेलं अजून लक्षात आहे. "मोजमाप पुस्तकात नोंद नसल्याने देयक परत. नोंद घेऊन आजच सादर करावे, मी सायंकाळपर्यंत कार्यालयात आहे." काय कमी आहे ते एकदाच सगळं सांगितलं, नियम सोडला नाही, आणि स्वतः थांबले. म्हणून परत गेलेल्या पाचसहा फाईली काढून शेरे वाचा, माणूस त्या दोन ओळींत कळतो.

आपल्या जिल्ह्यात अजून एक परीक्षा असते ती पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, आणि २०१९ चा ऑगस्ट नि २०२१ चा जुलै आपण सगळ्यांनी बघितलाय. २०१९ ला सानुग्रह अनुदानाचा, म्हणजे पूरग्रस्तांच्या तातडीच्या मदतीचा, काही भाग रोख वाटायचा होता, लोकांच्या घरात चिखल, कागदपत्रं भिजलेली, आणि पैसे तर आजच पाहिजेत. अशा वेळी यादी कशी केली, एकाच घरात दोनदा पैसे गेले का, अंगठा घेतलेली पोहोच जपून ठेवली का, उरलेली रक्कम किती दिवसांत परत भरली, हे विचारा. घाईत पैसे वाटणं आणि घाईत हिशेब पण ठेवणं ही दोन्ही ज्याला जमली तो माणूस मोठा.

ग्रामपंचायत पातळीवर नाव बघत असाल तर थोडं वेगळं. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला बालकल्याणाला, ५ टक्के दिव्यांगांसाठी, हे कागदावर सगळीकडे असतं, ते माणसांपर्यंत पोचलं का ते गावात दोन घरं फिरून बघा. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, ते आधीच ओळखून आराखडा केला की शेवटी धावपळ केली तेही दिसतं. घरपट्टी वसुलीचा आकडा बघाच.

कुणाला विचारायचं, तर साहेबांच्या साहेबाला सगळ्यात शेवटी. आधी टेबलावरच्या क्लार्कला विचारा, मग छोट्या ठेकेदाराला, मग नुकत्याच रिटायर झालेल्या गुरुजींना. गुरुजींना फक्त एवढंच विचारायचं की तुमची पेन्शन केस कधी गेली. नियमाप्रमाणं सहा महिने आधी कागद जायला पाहिजेत, आणि ज्या ऑफिसात हे ठरल्याप्रमाणं होतंय तिथं कुणीतरी सेवापुस्तकं वेळेवर तपासून घेणारं बसलंय.

आणि एक अट मी स्वतः पाळतो, बाकीच्यांनीही पाळावी असं वाटतं. अधिकारी बदलून गेल्यावर वर्षभरानं परत त्या ऑफिसात जा. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं साधारण तीन वर्षं मिळतात, एप्रिल-मेमध्ये माणूस जातो. तो गेल्यावर पण ताळमेळाचं पान दर महिन्याला लिहिलं जातंय का, सप्टेंबरची बैठक होतेय का? होत असेल तर त्यानं पद्धत लावली, आणि होत नसेल तर तो एकटा राबला, राबणं वाईट नाही पण नेतृत्व म्हणायला मला थोडं जड जातं.

प्रस्ताव लिहिताना विशेषणं काढून टाका. कर्तव्यदक्ष, अभ्यासू, मनमिळाऊ हे सगळ्यांच्याच प्रस्तावात असतं, वाचणारा तिथं थांबत पण नाही. एक पान पुरतं. आधी काय परिस्थिती होती, यांनी नेमकं काय बदललं, किती महिने लागले, आज काय आहे, आणि प्रत्येक वाक्याला एक कागद जोडलेला. अमेरिकेत सरकारी वित्त अधिकाऱ्यांची संघटना १९४५ पासून शहरांना वार्षिक हिशेबाच्या अहवालासाठी प्रमाणपत्र देते, तिथं तो अहवालच तपासला जातो, आपणही नाव निवडताना कॅशबुक टेबलावर ठेवायला हरकत नाही. प्रस्तावात हाताखालच्या माणसांची नावं पण घाला, पॅरे मिटवताना पोती कुणी उघडली ते साहेबांना स्वतःलाच माहीत असतंय, चांगले साहेब ती नावं आपणहून देतात.

सत्कार कधी करायचा विचाराल तर २१ एप्रिल नागरी सेवा दिन आहे, १६ नोव्हेंबर लेखापरीक्षा दिवस आहे, मला नोव्हेंबर बरा वाटतो, मार्चची दमछाक नसते आणि बदल्यांची कुजबुज पण नसते. शाहू स्मारकला हॉल घ्या, फेटा बांधा, शाल-श्रीफळ द्या, पण त्या माणसानं केलेलं काम ते एक पान माइकवर सावकाश वाचून दाखवा, घरच्यांना पुढच्या रांगेत बसवून, कारण मार्चमध्ये रात्री एक वाजता घरी येणारा माणूस नेमकं काय करतो ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी त्या पानाची एक प्रत आस्थापना शाखेला देऊन सेवापुस्तकात नोंद घ्यायला लावा, नोंद झाली का ते आठवड्यानं स्वतः जाऊन बघा.