बायबल वाचताना जुने आणि नवे भाषांतर शेजारी कसे ठेवावे

मराठी बायबल एकच असते असे समजून दुकानात गेलात, तर गोंधळ ठरलेला. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरींनी बंगालमधल्या श्रीरामपूरला १८११ साली मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, छापला. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून आपले भाषांतर केले. ते संपूर्ण रूपात १९२४ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर बाहेर आले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' तर अगदी आपल्या काळातले.

तेव्हा आधी दोन प्रती निवडा: एक परंपरेने वाचली जाणारी, एक आजच्या बोलीजवळची. विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका उघडा. प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तके असतात, कॅथलिक प्रतीत ७३. तोबीत किंवा मक्काबी ही पुस्तके दिसली, तर प्रत कॅथलिक परंपरेची.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. शुभवर्तमान म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत; नव्या करारात अशी चार आहेत आणि त्यांत तेच सर्वांत लहान, १६ अध्यायांचे. नव्या भाषांतरात ते एका बैठकीत वाचून काढा, तळटिपांकडे न बघता. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचायचे ठरवणारे बरेच जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकात, होमबलीच्या नियमांपाशी अडकतात.

मग जुनी प्रत घ्या, पण स्तोत्रांसाठी, आणि ती मोठ्याने वाचा. कवितेत जुन्या भाषांतराचा ठेका मला अजूनही सरस वाटतो. नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत मात्र उलट. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एकेक वाक्य चार-पाच ओव्यांवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या वचनांवर, पसरते. तिथे आधी नवे वाचून मुद्दा पकडावा आणि मगच जुन्याकडे वळावे.

आता दोन्ही प्रतींत मार्कचा १६वा अध्याय काढा. नव्यात ९ ते २० या ओव्या बहुधा कंसात असतील किंवा खाली टीप असेल. भाषांतरकाराने मजकूर गाळला, असा आरोप इथूनच सुरू होतो. कारण साधे आहे. चौथ्या शतकातली सायनाय आणि व्हॅटिकन ही दोन हस्तलिखिते आठव्या ओवीवरच थांबतात. सायनायचे हस्तलिखित अभ्यासकांसमोर आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरकारांपुढे किंवा कॅरींपुढे ते असणे शक्यच नव्हते. मत्तय १७:२१ ही ओवीही अशीच काही प्रतींत टिपेत गेलेली आढळते. ओव्यांचे आकडे १५५१ पासून छापील ग्रीक प्रतीत रूढ झाले, म्हणून ओवी टिपेत गेली तरी तिचा क्रमांक रिकामा राहतो. असा खड्डा दिसला की आधी टीप वाचा.

स्तोत्रांच्या क्रमांकांचेही असेच. मेंढपाळाचे प्रसिद्ध स्तोत्र २३वे, पण लॅटिन परंपरेच्या जुन्या कॅथलिक पुस्तकांत ते २२वे असते. आकडा जुळला नाही, तर एक मागे-पुढे पाहा.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये दोन भाषांतरे समोरासमोर लावता येतात. सोय चांगली आहे, फक्त टिपा बारीक खुणेमागे दडलेल्या असतात. ती खूण दाबायची सवय लावा. आणि वहीत उतारा टिपलात, तर अध्याय-ओवीसोबत भाषांतराचे नावही लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात तोच उतारा शोधताना तुमचेच शब्द तुम्हाला सापडणार नाहीत.