वाकता येत नसेल तर: लांब दांड्याचं टिकाऊ शू-हॉर्न कसं निवडावं

आमच्या घरी स्वयंपाकघरातून निवृत्त झालेला एक स्टीलचा चमचा बरीच वर्षं चपलांच्या रॅकवर पडलेला असायचा. शाळेचे बूट, ऑफिसचे बूट, फक्त लग्नाकार्यात बाहेर निघणारे चकचकीत बूट, सगळ्यांच्या टाचा त्याच्याच आधाराने आत जायच्या. चमचा सापडला नाही तर तर्जनी, आणि तीही अडकली तर टाच मोडून बूट सपातेसारखा ओढत बाहेर पडायचं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ही सगळी सोय एका दिवसात निकामी झाली. चमचा घ्या नाहीतर बोट, तिथवर पोचायला वाकावं लागतंच.

मग लांब दांड्याचं शू-हॉर्न आणलं. पहिलं तीन महिन्यांत मोडलं, दुसरं लांबीला चुकलं. तिसरं चार वर्षं रोज वापरात आहे. या तीन खरेद्यांत जे कळलं ते खाली क्रमाने लिहितो. कोणी याला बूट घालायची पट्टी म्हणतं, कोणी बुटाचा चमचा. सर्जिकलच्या दुकानात ‘लांबवालं शू-हॉर्न’ म्हटलं की लगेच कळतं. (हॉर्न म्हणजे शिंगच. पूर्वी ही वस्तू गुरांच्या शिंगाची करायचे, कारण शिंग तापवलं की मऊ पडतं आणि त्याला हवा तसा बाक देता येतो.)

१. वापरणाऱ्याला नेमकं काय जमत नाही, ते बघा

‘वाकता येत नाही’ हे चार माणसं चार कारणांनी म्हणतात. गुडघा बदललेल्या माणसाचा गुडघा सुरुवातीला पुरेसा दुमडत नाही. खुब्याचा सांधा बदललेल्या अनेकांना डॉक्टर काही आठवडे सांगतात की खुब्यात ९० अंशांच्या पुढे वाकू नका, पाय आत वळवू नका. हे नियम शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने केली त्यावर ठरतात, तेव्हा शेजारच्या काकांना जे सांगितलं ते तुम्हाला लागू असेलच असं नाही. आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारावं. कंबर धरणाऱ्याला बसल्यावर थोडं पुढे झुकता येतं, पण उभ्याने नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर स्वतःची पावलंच दिसत नाहीत.

आमवाताने बोटं वळत नसतील तर अडचण लांबीची नसून मुठीची असते. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर बघायची असते ती पात्याची, म्हणजे टाचेमागे सरकणाऱ्या खोलगट भागाची, कड. कड धारदार असली तर टाचेला ओरखडा जातो आणि त्या माणसाला ते कळतही नाही. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी एकदा माणूस बूट कसे घालतो ते नुसतं समोर बसून पाहा. पाच मिनिटांत काय घ्यायचं ते निम्मं ठरतं.

२. लांबी मोजा, अंदाज करू नका

बाजारात साधारण १५ सेंटिमीटरच्या खिशातल्या पट्टीपासून ८० सेंटिमीटरच्या दांड्यापर्यंत सगळं मिळतं. ‘लांब’ हा शब्द वेष्टनावर ३० सेंटिमीटरलाही छापलेला असतो, त्याला भुलू नका. ३० सेंटिमीटरने वाकणं थोडं कमी होतं, थांबत नाही.

मोजायची सोपी रीत अशी. वापरणारा माणूस बूट घालायला ज्या खुर्चीवर बसणार त्याच खुर्चीवर त्याला पाठ ताठ ठेवून बसवा, पाऊल जमिनीवर नेहमीच्या जागी ठेवायला सांगा. मोपचा किंवा झाडूचा दांडा टाचेच्या मागे जमिनीला टेकवा आणि त्याला तो सहज धरायला सांगा, कोपर किंचित वाकलेलं. मुठीच्या वरच्या कडेपाशी पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. मध्यम उंचीच्या माणसाचं माप बहुधा ५५ ते ६० सेंटिमीटरच्या आसपास येतं. उभ्याने बूट घालायचे असतील तर हाच प्रयोग उभं राहून करा. तेव्हा ७५ ते ८० सेंटिमीटर लागतात.

आम्ही दुसऱ्या वेळी नेमकं हेच चुकलो. ‘जास्त लांब म्हणजे जास्त सोयीचं’ असं समजून ८० सेंटिमीटरचं आणलं. बाबा बसून बूट घालणार. दांडा इतका उंच यायचा की कोपर खांद्याच्या रेषेत वर उचलावं लागे, पातं तिरकं आत जाई आणि टाचेऐवजी मोजा खाली ढकलला जाई. ते शू-हॉर्न आता माझ्याकडे आहे. मी उभ्याने वापरतो, उत्तम चालतं.

लांबी कमी-जास्त करता येणारी, दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी शू-हॉर्नं प्रवासाला बरी. रोजच्या वापराला मी घेणार नाही. कुलूप झिजलं की टाच दाबताना दांडा अचानक आत सरकतो आणि तोल जातो.

३. दुकानात सगळ्यात आधी पातं-दांड्याचा सांधा तपासा

पहिलं शू-हॉर्न मोडलं ते पात्यापाशी नाही, मुठीपाशीही नाही. पातं जिथे दांड्याला जोडलं होतं तिथे. मोडणारी बहुतेक शू-हॉर्नं इथेच जातात, कारण वर मूठ, खाली टाच आणि सगळा ताण मध्ये या चिंचोळ्या गळ्यावर येतो. म्हणून दुकानात रंग आणि किंमत बघण्यापूर्वी बोट या जागेवर ठेवा.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे पात्यापासून मुठीपर्यंत एकाच तुकड्याचं. स्टीलच्या पत्र्याचं असेल तर दांड्याला लांबीभर पन्हाळीसारखा खोलगट आकार हवा; सपाट पट्टी कितीही जाड दिसली तरी ती मधेच वाकते. नळीच्या दांड्याला पातं वेल्ड केलेलं असेल तर वेल्ड सगळीकडून फिरलेलं आहे का बघा. दोन ठिपक्यांवर टेकवलेलं पातं लवकर सुटतं. रिव्हेट असतील तर दोन हवेत, एका रिव्हेटवर पातं हळूहळू फिरायला लागतं. स्क्रूवालं घेतलंच तर स्क्रू कोणत्या धातूचा आहे ते विचारा. लोखंडी असला तर पहिल्याच पावसाळ्यात गंजाचा तपकिरी डाग पांढऱ्या मोज्यावर उमटतो.

काहींच्या गळ्यात स्प्रिंग असते. दांडा तिरका झाला तरी पातं टाचेला धरून राहतं, म्हणून ज्यांना नीट कोन साधता येत नाही त्यांना ती सोयीची वाटते. पण जितके भाग जास्त तितक्या बिघडायच्या जागा जास्त. हात स्थिर असेल तर स्प्रिंगची गरज नाही.

४. धातू, प्लास्टिक की लाकूड

माझं मत सरळ आहे: घरात रोज वापरायला स्टेनलेस स्टील. पातं पातळ करता येतं, तरी ते मोडत नाही आणि घट्ट बुटातही शिरतं. दोष दोन. हातात जड लागतं आणि थंडीत टाचेला गार.

इथे एक गैरसमज. बरेच दुकानदार चुंबक लावून दाखवतात, ‘चिकटत नाही बघा, म्हणजे ३०४’ (३०४ हा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा ग्रेड). चुंबक न चिकटणं हा ३०४चा पुरावा नाही, कारण स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि ते ३०४पेक्षा लवकर गंजतं. मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेत राहत असाल तर ग्रेड कोरलेली किंवा बिलावर लिहिलेली मागा. चकचकीत मुलामा दिलेलं लोखंड तर घेऊच नका. मुलामा पहिल्यांदा टोकाशीच निघतो आणि टोक खरखरीत होतं.

प्लास्टिक हलकं आणि स्वस्त, ज्यांच्या हातात जोर कमी त्यांना तेच बरं. घेताना दोन्ही हातांनी हलकेच वाकवून बघा. लवचिकपणे वाकून परत सरळ व्हायला हवं. वाकवलेल्या जागी पांढरट रेघ उठली तर ते तिथेच मोडणार हे नक्की समजा. आमच्या पहिल्याला अशी रेघ दुसऱ्याच आठवड्यात आली होती, आम्ही तिला डाग समजलो.

लाकडी शू-हॉर्न दिसायला सुंदर. रेषा दांड्याच्या लांबीत सरळ धावत असतील आणि गळ्याजवळ गाठ नसेल तर टिकतंही. पण लाकडाचं टोक पातळ करता येत नाही म्हणून घट्ट फॉर्मल बुटात ते अडतं, आणि दाराशी ओल्या छत्र्यांच्या शेजारी टांगलं तर बुरशी धरतं. पितळी आणि शिंगाची शू-हॉर्नं अजूनही मुरादाबाद, संभलकडून येतात, भेट द्यायला छान. मात्र शिंग वारंवार भिजलं-वाळलं की त्याचे पापुद्रे सुटतात.

५. पातं आणि मूठ

पात्याची रुंदी ४ ते ४.५ सेंटिमीटर पुरते. त्याहून रुंद पातं चामडी बुटाच्या टाचेत बसत नाही. बाक टाचेच्या गोलाईशी जुळायला हवा. अगदी सपाट पातं टाचेवरून बाजूला घसरतं. कड कशी आहे ते डोळ्यांनी ठरवू नका. जुना नायलॉनचा मोजा हातात घालून सगळ्या कडेवरून फिरवा, कुठे धागा अडकला तर ते परत ठेवा.

मुठीला भोक किंवा दोरी हवीच. ते कशासाठी ते शेवटी येईल. पकड बारीक वाटली तर नवं शू-हॉर्न शोधत बसायची गरज नाही, क्रीडासाहित्याच्या दुकानातून क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप आणून चढवा. आमवात असलेल्या आमच्या मावशीने ही युक्ती केली आणि तिला आता फिजिओथेरपीच्या दिवशी कोणाची मदत लागत नाही.

६. बूट सोबत न्या

दुकानात बूट नेऊन बसून बघायला लाजू नका. सर्जिकलच्या दुकानात याची सवय असते. ऑनलाइन मागवत असाल तर वर्णनात एकूण लांबी सेंटिमीटरमध्ये आहे का आणि गळ्याचा जवळून फोटो आहे का बघा. गळाच दाखवला नसेल तर मी पुढे जात नाही.

७. वापर नीट असेल तरच टिकेल

लेस किंवा वेल्क्रो पूर्ण सैल करा. बांधलेल्या बुटात टाच कोंबणं हे शू-हॉर्नचं काम नाही. हात असलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर बसा. बूट पुढे सरकत असेल तर त्याचं टोक भिंतीला टेकवा. दुखरा किंवा ऑपरेशन झालेला पाय आधी घालायचा आणि काढताना शेवटी.

बोटं बुटात पुढपर्यंत सरकवा. मग पात्याची खोलगट बाजू टाचेकडे ठेवून टोक बुटाच्या मागच्या कडेआत चार-पाच सेंटिमीटर सोडा, तळापर्यंत खुपसू नका. आता टाच पात्यावरून खाली दाबा. जोर पायाने लावायचा, हाताने फक्त धरून ठेवायचं. टाच बसली की पातं सरळ वर ओढून घ्या.

दांडा पहारीसारखा मागे दाबू नये. बुटाच्या टाचेत आत एक कडक पट्टी असते. ती अशी मागे ढकलली की मोडते, आणि एकदा मोडली की बूट टाचेला चावायला लागतो. शू-हॉर्नचा गळाही याच सवयीने जातो.

उभ्याने घालणाऱ्यांसाठी एकच सूचना: दुसऱ्या हाताने भिंत किंवा भिंतीत पक्का बसवलेला दांडा धरा. चपलांचं रॅक धरू नका, ते माणसासकट पडतं. पावसाळ्यात दाराशी फरशी ओली असते हे वेगळं सांगायला नको.

बूट आणि मोजे काढतानाही याचा उपयोग होतो. टोक बुटाच्या मागच्या कडेवर दाबून धरलं की पाय बाहेर येतो, आणि मोज्याच्या काठात पातं घालून तो टाचेखाली ढकलता येतो. मोजे घालायला मात्र हे चालत नाही, त्याला वेगळं साधन मिळतं.

८. ठेवायची जागा

शू-हॉर्न जमिनीवर पडलं की उचलायला वाकावं लागतं, म्हणजे मूळ दुखण्यावर परत. आम्ही पहिल्या दोन महिन्यांत हे रोज एकदा तरी बघितलं. शेवटी बाबांना त्यांच्या खुर्चीवर बसवलं, उजवा हात न ताणता भिंतीवर कुठे पोचतो ते बघितलं, पेन्सिलने खूण केली आणि तिथेच हुक ठोकला. मुठीची दोरी मनगटात अडकवून वापरायची, काम झालं की हुकावर. पाहुण्यांना तो हुक फार खाली वाटतो, कोणीतरी दर वेळी विचारतंच.