पाठलाग करणाऱ्या जाहिराती कशा थांबवल्या

प्रवासाची एक बॅग नुसती उघडून पाहिली, तर बातम्या वाचताना, हवामान बघताना तीच बॅग समोर! ब्राउझरची हिस्ट्री पुसून भागत नाही. माग ठेवतात त्या थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे आपण उघडलेल्या साइटने नव्हे, तर जाहिरात कंपनीसारख्या तिसऱ्याच कुणी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी. त्या सेटिंगमधून बंद केल्या.

खरी मेख मात्र फोनमध्ये होती. अँड्रॉइडमध्ये एक ॲडव्हर्टायझिंग आयडी असतो, त्यावरून वेगवेगळी ॲप्स आपल्याला ओळखतात. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ॲड्स इथे जाऊन तो डिलीट केला. आता ॲपने तो मागितला की नुसती शून्यं मिळतात. आयफोनवर 'ट्रॅकिंग'मध्ये ॲप्सची विनंतीच बंद करता येते. तिकिटांच्या ॲपला लोकेशन फक्त वापरताना दिलं. कायमचं कशाला हवं त्यांना? खरेदीसाठी ईमेलही वेगळा ठेवलाय. जाहिराती येतातच, पण ती बॅग गेली.