जुनी ईडीआय सिस्टीम बदलताना या चुका टाळा

जुना ईडीआय सर्व्हर (दोन कंपन्यांच्या संगणकांत ऑर्डर-बिलांची थेट देवाणघेवाण करणारा) बंद करायचं ठरलं की मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "फॉरमॅट तर स्टँडर्ड आहे. इकडचं उचलायचं आणि तिकडे ठेवायचं, महिनाभराचं काम." भोसरी, चाकण, शिरवळ या पट्ट्यातल्या पंप, व्हॉल्व्ह आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मी गेली चौदा वर्षं हेच काम करतो आहे. यांचा माल अमेरिकेतल्या डिस्ट्रिब्युटरकडे जातो. ऑर्डर ८५० म्हणून येते, माल निघाल्याची सूचना ८५६ म्हणून जाते, बिल ८१० म्हणून. महिनाभरात नीट झालेलं एकही काम मी अजून पाहिलेलं नाही. घाईने उरकलेली मात्र पुष्कळ पाहिली, आणि ती निस्तरायला बहुतेक वेळा मलाच बोलावलं गेलं.

सिस्टीम बदलण्याची कारणं खरीच असतात. सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर चालतो आणि त्याचा एक्स्टेंडेड सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. किंवा सॉफ्टवेअरवाल्यांनी पुढची आवृत्ती काढणार नाही असं कळवलं. किंवा ज्या माणसाने सगळं उभारलं तो नोकरी सोडून गेला. त्यामुळे बदलायचं की नाही यावर माझा वाद नाही, कसं बदलायचं यावर आहे.

गाइडलाइन वाचून मॅप बनवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. मॅप म्हणजे पार्टनरच्या फाइलमधलं काय आपल्या सिस्टीममध्ये कुठे उतरवायचं याचे नियम, आणि गाइडलाइन म्हणजे पार्टनरने दिलेली फाइलची माहितीपुस्तिका.

एक्स१२ हे अमेरिकेतलं ईडीआय स्टँडर्ड सांगतं की कोणत्या खणात काय ठेवायचं. त्या खणातल्या मजकुराचा अर्थ काय, हे दोन कंपन्यांनी आपसात ठरवलेलं असतं. ते ठरलेलं बहुतेक वेळा कुठेही लिहिलेलं नसतं. ते असतं जुन्या मॅपमध्ये: एखाद्या लुकअप टेबलमध्ये, एखाद्या 'इफ'च्या ओळीत, दहा-बारा वर्षांपूर्वी फोनवर बोलणं झालं म्हणून कोणीतरी टाकलेल्या दुरुस्तीत.

एका कारखान्यात पंपांची सील किट बनायची. अमेरिकेतला त्यांचा डिस्ट्रिब्युटर खोक्यांत ऑर्डर द्यायचा. ८५० मध्ये प्रमाण ४०, युनिट 'सीए', म्हणजे केस. कारखान्याच्या ईआरपीत, म्हणजे साठा-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मात्र तीच वस्तू नगांत. जुन्या मॅपमागे एक साधी टेक्स्ट फाइल होती. तिच्यात या पार्टनरसाठी एक खोकं म्हणजे १२ नग, आणि दोन जुन्या पार्ट नंबरांसाठी १० नग असं लिहिलेलं. ती फाइल शेवटची बदलली होती २०११ मध्ये. नव्या सिस्टीमचं काम करणाऱ्या मुलांनी पार्टनरची गाइडलाइन वाचली, तिच्यात या फाइलचा उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं, आणि ४० चे ४० ईआरपीत उतरवले.

टेस्टिंग पास झालं होतं. तीन नमुना फाइली, तिन्ही सुट्या नगांच्या.

चूक पकडली पॅकिंगमधल्या काकांनी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, इंग्रजी जेमतेम. पिकलिस्ट (काय आणि किती काढायचं ती यादी) हातात घेऊन ते सरळ आमच्या खोलीत आले आणि म्हणाले, "साहेब, हे गिऱ्हाईक सुटे नग घेत नाही. पंधरा वर्षं यांचे खोके बांधतोय मी. चाळीस नग म्हणजे तीन खोके आणि वर चार. असं कधी झालेलंच नाही. बघा जरा." बघितलं. ४८० नग पाठवायचे होते. तोपर्यंत तशाच दोन ऑर्डरी जहाजाने रवाना झाल्या होत्या, त्यांचा उरलेला माल विमानाने पाठवावा लागला आणि भाडं कारखान्याने सोसलं. त्या काकांच्या आठवणीवर तिसरी ऑर्डर वाचली.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. नवं सॉफ्टवेअर उघडण्याआधी जुन्या सिस्टीममधल्या प्रत्येक मॅपचे लुकअप, हाताने लिहिलेल्या अटी आणि कायमची ठोकून बसवलेली मूल्यं मी कागदावर छापून घेतो. तो गठ्ठा घेऊन डिस्पॅच, पॅकिंग आणि अकाउंट्सच्या माणसांजवळ बसतो आणि ओळीओळीला विचारतो, "हे का आहे?" चार दिवस जातात. मॅनेजर लोकांना ते चार दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. मी ते कधीही कमी करत नाही.

त्यानंतर मागच्या तेरा महिन्यांच्या मूळ फाइली काढतो, जशा आल्या तशा. तेरा अशासाठी की त्यात मार्चअखेर येते, वर्षाची दरवाढ येते आणि डिस्ट्रिब्युटरची हंगामी मोठी ऑर्डरही येते. त्या सगळ्या नव्या सिस्टीममधून काढायच्या आणि जुन्या सिस्टीमने ईआरपीला जे दिलं होतं त्याच्याशी रकाना-रकाना ताडून पाहायचं. जो फरक निघेल त्याच्यापुढे कारण आणि ज्याने ते तपासलं त्याचं नाव वहीत. नाव नसलेला एकही फरक राहिला तर मी लाइव्ह जायला सही करत नाही. नवी मुलं म्हणतात की टूल आपोआप मॅप बनवून देतं. देतं, पण टूलला २०११ मधला फोन ऐकू आलेला नसतो.

युनिटबद्दल आणखी एक. एकाच नगासाठी जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्ये 'एनओएस', अमेरिकन पार्टनरला 'ईए' आणि एडिफॅक्ट हे दुसरं ईडीआय स्टँडर्ड वापरणाऱ्या युरोपातल्या पार्टनरला बहुधा 'पीसीई' जातं. हे भाषांतर एकाच टेबलात ठेवा. प्रत्येक मॅपमध्ये वेगळं ठेवलंत की एक बदलतं आणि दोन राहून जातात.

साइजमधली चांदणी

आपल्याकडे कारखान्यात पंपाचं माप कसं लिहितात? ५०*४०. आयटम मास्टरमध्ये हजारो वर्णनं अशीच असतात. आणि एक्स१२ फाइलमध्ये दोन खण वेगळे करायला बहुतेक पार्टनर तीच चांदणी वापरतात. वर्णनात चांदणी गेली की तिच्यापुढचा मजकूर पुढच्या खणात घसरतो आणि फाइल परत येते. जुनी सिस्टीम त्याजागी गुपचूप 'एक्स' घालत असते. नव्या सिस्टीममध्ये हे पहिल्या दिवशी बसवा, आणि शक्य असेल तर आयटम मास्टरच स्वच्छ करा. बिल नंबरचंही तसंच. आपल्या जीएसटी नियमात बिल नंबर १६ अक्षरांपर्यंत असतो आणि त्यात तिरकी रेघ चालते. ती रेघ समोरच्याच्या सिस्टीमला चालते का, हे आधी विचारून घ्या.

९९७ आलं म्हणजे झालं, हा समज

हा समज मला सगळ्यात जास्त भेटतो आणि प्रत्येक वेळी मी तेवढ्याच कळकळीने खोडून काढतो. ९९७ ही पोच आहे. फाइल पोहोचली आणि तिचं व्याकरण बरोबर आहे, इतकंच ती सांगते. आतला पार्ट नंबर त्यांच्याकडे आहे की नाही, भाव जुळतो की नाही, ओळ कोणत्या ऑर्डरची आहे, यातलं काहीही ती तपासत नाही. रजिस्टर टपालाची पोचपावती सही होऊन परत आली म्हणजे आतल्या पत्राला होकार मिळाला असं कोणी मानत नाही, पण ९९७ बाबत हुशार माणसंसुद्धा तसं मानतात.

एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात कटओव्हर (जुनी बंद करून नवी सिस्टीम सुरू करणं) झाल्यावर डॅशबोर्ड पाच आठवडे हिरवागार होता. सगळी ९९७ 'स्वीकारले' म्हणून येत होती. प्रकल्प बंद केल्याचा मेलही गेला. मग अकाउंट्समधल्या बाईंनी विचारलं, "तीस दिवसांचं क्रेडिट असलेल्या पार्टीचे पैसे अजून एकाही बिलाचे का आले नाहीत?" कारण असं निघालं: डिस्ट्रिब्युटर ऑर्डरमधल्या ओळींना १०, २०, ३० असे नंबर देत होता. जुनी सिस्टीम तेच नंबर ८५६ आणि ८१० मध्ये परत पाठवायची. नवी सिस्टीम ईआरपीतले १, २, ३ पाठवू लागली. व्याकरण अचूक, म्हणून ९९७ हिरवं. पण त्यांच्या गोदामात माल कोणत्या ओळीवर जमा करायचा ते कळेना. लोकांनी हाताने नोंदी केल्या, त्या श्रमाचे चार्जबॅक, म्हणजे दंडाच्या वजावटी, लावले आणि बिलं 'जुळत नाही' म्हणून बाजूला ठेवली. आम्हाला कळवलं होतं त्यांनी. ८२४, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरात चूक आहे असं सांगणारी सूचना, पाठवलं होतं. नव्या सिस्टीममध्ये ८२४ वाचायचा मॅपच कोणी बनवला नव्हता, कारण "ते क्वचित येतं".

आता मी पहिल्या पाच ऑर्डरी पैसे खात्यात जमा होईपर्यंत बोट धरून चालवतो. ऑर्डर, माल निघाला, त्यांच्या गोदामात पावती झाली, बिल मंजूर, पैसे. प्रत्येक टप्प्याला त्यांच्या माणसाला फोन. पैसे जमा होत नाहीत तोवर प्रकल्प पूर्ण झाला असं मी कोणाला लिहून देत नाही.

मोजणी पुन्हा एकपासून

नवी सिस्टीम कंट्रोल नंबर, म्हणजे प्रत्येक फाइलचा अनुक्रमांक, १ पासून सुरू करते. पार्टनरकडे तो नंबर वर्षांपूर्वी येऊन गेलेला असतो, तो डुप्लिकेट म्हणून फाइल टाकून देतो. जुन्याचा शेवटचा नंबर पाहा आणि त्याच्या बरंच पुढून सुरू करा.

प्रत्येक खोक्याची वेगळी ओळख सांगणाऱ्या १८ अंकी एसएससीसी लेबलचं याहून वाईट. पुष्कळ ठिकाणी ते लेबल जुनी ईडीआय सिस्टीमच छापत असते आणि ही गोष्ट कटओव्हरच्या दिवशी, प्रिंटर गप्प बसल्यावर कळते. बारकोडची मानकं ठरवणाऱ्या जीएस१ च्या नियमाने तोच एसएससीसी माल निघाल्यापासून वर्षभर पुन्हा वापरता येत नाही. म्हणून तो काउंटरसुद्धा पुढे न्यायचा.

थोडक्यात उरकण्यासारख्या

एएस२ चं (इंटरनेटवरून फाइल सुरक्षित पाठवायच्या पद्धतीचं) सर्टिफिकेट कधी संपतं ते माहीत नसणं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, सगळ्यांना दिसेल अशी.

आयएसएची, म्हणजे फाइलच्या अगदी वरची, ओळ एडिटरमध्ये हाताने 'नीट' करणं. ती ठरावीक लांबीची असते, पाठवणाऱ्याचा आयडी १५ अक्षरांचा, मागच्या मोकळ्या जागांसकट. त्या जागा खोडल्या की पूर्ण फाइल बाद.

फाइल चाचणीची आहे असं सांगणारा टेस्टचा 'टी' प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या व्यवहारात, तसाच ठेवणं. फाइल जाते, पोहोचते आणि कोणी तिच्याकडे पाहत नाही.

सगळे पार्टनर एकाच दिवशी हलवणं. याला माझा ठाम विरोध आहे. एकेक हलवा. पहिला कोण? लोक सर्वांत छोटा निवडतात. मी ज्याचा ईडीआयचा माणूस फोन उचलतो तो निवडतो.

शुक्रवारी संध्याकाळी कटओव्हर ठेवणं. पुण्यात सातला आपण जुनं बंद करतो तेव्हा शिकागोत हिवाळ्यात शुक्रवार सकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे त्यांच्या ऑर्डरी नुकत्याच सुरू होत असतात. मी बुधवारी सकाळी आठला करतो. तिकडे मंगळवारची रात्र असते, आणि काही बिघडलं तर दोन्हीकडे आठवड्याचे दिवस हाताशी उरतात.

अधांतरी ऑर्डरींचा हिशेब न करणं. जुन्या सिस्टीमने घेतलेल्या, पण माल अजून न गेलेल्या ऑर्डरींची यादी आदल्या दिवशी काढा. त्यांचं ८५६ आणि ८१० कोण पाठवणार हे ऑर्डरवार लिहा. दोघांनी पाठवलं तर बिल दोनदा जातं.

जुना सर्व्हर लगेच पुसणं

लायसन्सचे पैसे वाचवायला हा मोह होतोच. माझ्याकडे जुना सर्व्हर तीन महिने चालू राहतो, पाठवणं बंद आणि वाचणं सुरू. त्या काळात सगळ्या मूळ फाइली साध्या फोल्डरमध्ये काढायच्या: पार्टनर, वर्ष, महिना, डॉक्युमेंट. फाइलच्या नावात ऑर्डर किंवा बिल नंबर हवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जुन्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवलेला बॅकअप ते सॉफ्टवेअर गेल्यावर उघडत नाही. म्हणून सर्व्हर बंद करण्याच्या आदल्या दिवशी मी अकाउंट्समधल्या कोणालाही तीन वर्षांपूर्वीचा एक बिल नंबर निवडायला सांगतो आणि त्याची ८५०, ८५६, ८१० आणि ९९७ त्यांनाच, माझी मदत न घेता, फोल्डरमधून शोधायला लावतो. चारही फाइली सापडल्या की सर्व्हर बंद.