पचमढीच्या समर कॅम्पला निघण्याआधी: सॅक, शूज, औषधं, कागद आणि बाकीचं सगळं

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो, आपल्या स्काऊट-गाईडच्या या कॅम्पला सॅक ज्याची त्याने भरायची. आई शेजारी बसून यादी वाचेल, बाबा पट्टे घट्ट करून देतील, आजी एखादा डबा सरकवेल, ते सगळं चालतं, पण वस्तू आत ठेवणारा हात पोराचाच पाहिजे. कारण तिकडे रात्री लाईट जातात तेव्हा आई शेजारी नसते, आणि "सर माझं काहीच सापडत नाहीये" म्हणत अख्खी सॅक सतरंजीवर उलटी करणारं पोरगं हमखास घरच्यांनी भरून दिलेली सॅक घेऊन आलेलं असतं. निघायच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी सॅक भरून ग्राउंडवर यायचंय, तिथे डोळे मिटून टॉर्च, पाण्याची बाटली आणि रेनकोट काढायला लावणार आहे, ज्याला जमणार नाही त्याने घरी जाऊन परत भरायची, आणि तीसुद्धा त्यानेच.

आता कुठे चाललोय ते नीट समजून घ्या म्हणजे काय घ्यायचं ते आपोआप कळेल. पचमढी म्हणजे सातपुड्यातलं पठार, मध्य प्रदेशात नर्मदापुरम जिल्ह्यात, उंची हजार मीटरच्या वर, आणि भारत स्काऊट्स अँड गाईड्सची नॅशनल अ‍ॅडव्हेंचर इन्स्टिट्यूट तिथे आहे. आपण गाडीतून उतरणार पिपरिया स्टेशनला, तिथे मे महिन्यात चाळीसच्या वर पारा, अक्षरशः भट्टी, आणि तिथून पन्नासेक किलोमीटर घाट चढून वर गेलो की संध्याकाळी वारा सुटतो आणि पहाटे पोरं चादर ओढाओढी करायला लागतात. म्हणजे उन्हाळा आहे म्हणून फक्त टीशर्ट कोंबू नका, एक पातळ स्वेटर किंवा फुल बाह्यांचं जॅकेट हवंच. रेनकोटला सगळे हसतात पण मेच्या शेवटी वळवाचा पाऊस तिकडेही धुमाकूळ घालतो आणि पाऊस यायच्या आधी वारा तंबू हलवून जातो. छत्री नको, दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

कपडे: युनिफॉर्मचा एक पूर्ण सेट, स्कार्फ आणि वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) सकट, तो इस्त्री करून पिशवीत वेगळा ठेवा कारण ध्वजवंदनाला आणि शेवटच्या दिवशी लागतो. बाकी ट्रॅकपँट दोन, फुल बाह्यांचे टीशर्ट, आतले कपडे भरपूर, टोपी कडेने छपरी असलेली. जीन्स नको म्हणजे नको, भिजली तर दोन दिवस वाळत नाही आणि रॉक क्लाइंबिंगला गुडघा वाकत नाही. नवीन भारीतले कपडे तर अजिबात नकोत, मातीत लोळायलाच चाललोय.

शूजवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कॅम्प पायांवर होतो आणि अर्ध्या तक्रारी पायांच्याच असतात. नवे शूज घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या आणि निघेपर्यंत रोज घालून फिरा, शाळेत जाताना, दुकानात जाताना, गच्चीच्या जिन्यावर वरखाली करताना. सोलला खोल खाचा पाहिजेत, गुळगुळीत तळाचे पांढरे कॅनव्हास पीटीला ठीक आहेत पण सातपुड्याच्या वालुकाश्मावर बारीक वाळू सुटलेली असते, तिच्यावर ते सरळ सटकतात. साईज बघताना मोजा घालून बघा, आणि उतारावर बोटं पुढे आपटायला नकोत एवढी जागा ठेवा. मोजे दिवसाला एक जोडी याप्रमाणे, वर एक जास्तीची. निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा, आडवी सरळ, कोपरे खोल न खणता. चालताना टाचेला कुठे चुरचुरायला लागलं की लगेच थांबून सांगायचं, तिथे मायक्रोपोर टेप लावली की फोड येतच नाही, पण पोरं लाजतात, ग्रुप थांबेल म्हणून गप्प बसतात आणि संध्याकाळी मोजा काढला की पाण्याने टम्म भरलेला फोड. आला तर तो फोडायचा नाही. बाकी तंबूत वापरायला साधी सँडल किंवा स्लिपर. आणि सकाळी शूज घालायच्या आधी उलटे करून आपटायचे, रोज, न चुकता, विंचवाला शूज फार आवडतात.

झोपायला स्लीपिंग बॅग असेल तर उत्तम, नसेल तर सतरंजी, चादर आणि एक पातळ पांघरूण, त्याखाली प्लास्टिकचा कागद. ताट, वाटी, पेला, चमचा स्टीलचं, प्रत्येकावर नाव कोरलेलं किंवा ऑइलपेंटने लिहिलेलं, धुण्याची जबाबदारी स्वतःची म्हणून राखाडी घासणीचा एक तुकडा पण टाका. पाण्याच्या बाटल्या दोन, एक लिटरच्या. टॉर्च सेलवाला घ्या, चार्जिंगचा नको, चाळीस पोरं आणि चार प्लग असं गणित असतं. सॅकमध्ये ठेवताना एक सेल उलटा घाला म्हणजे बटण दाबलं गेलं तरी टॉर्च पेटून संपत नाही. शिट्टी गळ्यात, सॅकमध्ये नाही. हरवलात तर जागचं हलायचं नाही, मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, परत सहा, उत्तरादाखल तीन शिट्ट्या ऐकू आल्या की आम्ही येतोय असं समजायचं. हे ग्राउंडवर करून घेणार आहे, आणि गंमत म्हणून शिट्टी वाजवणाऱ्याची शिट्टी तिथेच जप्त.

सगळं भरून झालं की वजन करा. पस्तीस किलोच्या पोराच्या पाठीवर सहा-सात किलोच्या वर नको. घरी काटा नसेल तर रद्दीवाल्याकडे लटकवायचा ताणकाटा असतो, त्याला विचारा, तो हसत हसत करून देतो. वजन जास्त निघालं की काढायची पहिली गोष्ट म्हणजे खाऊ.

खाऊबद्दल आयांना हात जोडून विनंती. तिथे दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा सगळं आहे, पोरं उपाशी राहत नाहीत. फक्त गाडीतलं पहिलं जेवण घरून द्यायचं आणि ते टिकणारं द्या, दशम्या, शेंगदाण्याची सुकी चटणी, गुळाच्या पोळ्या. ओलं खोबरं घातलेलं काही नको, बटाट्याची भाजी या उन्हात दुपारपर्यंत आंबते. कॅम्पसाठी एकच डबा, अर्धा किलोच्या आत, चिवडा किंवा राजगिऱ्याचे लाडू किंवा गूळ-शेंगदाणे-खजूर असं काहीतरी. चॉकलेट वितळून युनिफॉर्मला लागतं. आणि हे सगळे डबे तिथे पोचल्यावर पॅट्रोलच्या, म्हणजे पोरांच्या छोट्या गटाच्या, पेटीत जमा होणार, तंबूत खाणं ठेवायचं नाही, पचमढीची माकडं चेन उघडतात, हे मी गमतीने सांगत नाहीये.

पेटीचं म्हणाल तर प्रत्येक पॅट्रोलची एक. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी पहिला कॅम्प घेतला तेव्हाही पोरांना छोट्या पॅट्रोलमध्येच वाटलं होतं, आणि त्याचा साधा फायदा असा की दोरी, सुतळी, कात्री, मेणबत्त्या, सुईदोरा, साबण, झाडू, कचऱ्याच्या पिशव्या हे प्रत्येकाने आणायची गरज नाही, पॅट्रोल लीडरने वाटून द्यायचं आणि कोणी काय आणलं ते वहीत लिहायचं. स्वतःचं फक्त गाठींचं तीन मीटरचं दोर आणा. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन या चार गाठी गाडीत बसेपर्यंत झोपेत मारता आल्या पाहिजेत. क्लाइंबिंगचं दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट सगळं तिथलंच वापरायचं, कोणा काकांनी दिलेलं जुनं दोर उगाच आणू नका, त्याचं वय आणि त्याने किती झटके खाल्लेत ते कोणालाच माहीत नसतं.

रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरायच्या, दिवशी अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं, हातातले गंडेदोरे काढून ठेवायचे, त्यापेक्षा सोनं घरीच ठेवा ना. केस लांब असतील तर घट्ट वेणी घालून शर्टाच्या आत, स्कार्फ काढलेला, डिसेंडरमध्ये (ज्यातून दोर सरकतो ते उतरायचं साधन) काहीही अडकलं तर मधेच लटकावं लागतं आणि मग सोडवणं अवघड. कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का हे इन्स्ट्रक्टर बघतातच, पण आपल्या पोराने स्वतः हात लावून बघायची सवय लावा. ज्याला भीती वाटते त्याने सांगायचं, ढकलून कोणाला उतरवणार नाही. परफ्यूम, वासाचं तेल, बॉडी स्प्रे पूर्ण बंद, कड्यांना आग्या मोहोळ असतात. आणि पाणी! बी फॉल किंवा अप्सरा विहारचा डोह दिसला की पोरं वेडी होतात. २०१६ ला मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेली मुलं बुडाली त्यानंतरही लोक "गुडघाभरच आहे हो" म्हणतात. सरांनी आधी स्वतः उतरून बघितल्याशिवाय आणि जोडीदाराचा हात धरल्याशिवाय कोणी पाय बुडवायचा नाही.

घाटात निम्मी बस ओकते. पिपरियाहून निघताना पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको, आवळासुपारी, आल्याची वडी खिशात, प्रत्येकाकडे दोन पिशव्या. गोळी द्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून डोस लिहून द्या.

आता लीडर लोकांनो, तुमची यादी पोरांपेक्षा मोठी आहे आणि तिच्यात कापडाचं काही नाही. तिकिटं दोन्हीकडची. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि एका फॉर्मवर सहाच नावं बसतात, त्यामुळे मोठ्या ग्रुपसाठी शाळेच्या लेटरहेडवर पत्र घेऊन रेल्वे ऑफिसला आधीच जाऊन या. पाच ते बाराच्या आतल्या पोरांचं हाफ तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही, रात्रीचा प्रवास आहे, पैसे वाचवू नका, फुल काढा. डब्याच्या दोन्ही टोकांना एकेक लीडर झोपणार. इटारसी गेली की पोरांना उठवायचं, सॅका दाराशी आणायच्या, पिपरियाला गाडी फार थांबत नाही, चढताना नावं घेतली तशीच उतरताना परत घ्यायची.

कागदांत पालकांचं संमतीपत्र, शिक्षण विभागाची परवानगी, डॉक्टरांचा दाखला, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, आणि सगळ्याचा दुसरा सेट दुसऱ्या लीडरकडे. फॉर्मवर पोराचं वजन लिहून घ्याच, पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो. टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन झालंय का विचारा, सरकारी वेळापत्रकात ते दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आहे आणि बरेच जण दहाव्या वर्षाचं विसरलेले असतात. दमा असेल तर इन्हेलर पोराच्या खिशात, औषधाच्या पेटीत नाही. आणि पालकांनो, रात्री अंथरुण ओलं होतं, झोपेत चालतो, फिट येते, हे लपवू नका, मला बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत कधीच निघणार नाही आणि आम्ही गुपचूप मधे उठवून नेऊ.

औषधाच्या पेटीत ओआरएस भरपूर, पण पुडीवरचं पाण्याचं प्रमाण वाचून, मोठी पुडी एक लिटरला असते, ग्लासात कालवून पाजू नका. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नाही. पुडी संपली तर एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. बाकी बँडेज, गॉझ, अँटिसेप्टिक, क्रेप बँडेज, थर्मामीटर. साप चावला तर वर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही, हात-पाय न हलवता झोपवून सरळ सरकारी दवाखाना, १०८ तिकडेही लागतो.

गाईड्स, म्हणजे मुली, असतील तर लेडी लीडर बरोबर असल्याशिवाय निघायचंच नाही. पाळी सुरू झालेली असो नसो, प्रत्येक मुलीच्या सॅकमध्ये पॅड आणि कागदी पिशव्या, आईने एकदा शांतपणे बोलून घ्या. आणि कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर बंद जागेत एकटा नाही, मी पण नाही.

मोबाईल पोरांकडे नको. रोज रात्री एक मेसेज मी टाकेन, नाही आला तर रेंज नाही असं समजा. त्याऐवजी प्रत्येकाने दोन पोस्टकार्डं आणायची, अजून पन्नास पैशालाच मिळतात, घरचा पत्ता पिनकोडसकट पाठ करून या, गेल्या खेपेला सातवीतला एक जण "पप्पांना माहितीये" म्हणाला.

चौरागडच्या ट्रेकला हजाराच्या वर पायऱ्या आहेत, वर महादेवाचं देऊळ आणि त्रिशूळांचे ढीग. विदर्भातली माणसं शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन हीच वाट चढतात, त्यामुळे कोणाची आजी वऱ्हाडातली असेल तर तिला निघायच्या आधी जरूर विचारा, ती आमच्यापेक्षा जास्त सांगेल, फक्त तिने दिलेला नारळ सॅकच्या वजनात धरा. धूपगड साडेतेराशे मीटर, कळसूबाईपेक्षा बुटका, पण सूर्यास्त बघून उतरताना अंधार पडतो, त्या दिवशी टॉर्च खिशात.

परत येताना मळके कपडे वेगळ्या पिशवीत, ती पिशवी आत्ताच घडी करून सॅकच्या तळाशी ठेवा. स्टेशनवर न्यायला येणाऱ्याचं नाव फॉर्मवर जे असेल त्याच्याच हातात पोरगं देणार, काका-मामा ऐनवेळी बदलले तर आधी फोन करा. आणि घरी गेल्यावर सॅक दाराबाहेरच रिकामी करा, झटका, उन्हात ठेवा, मग आत घ्या.