अक्षरांत फोटो भरताय? आधी शिरोरेषेकडे बघा

गडाच्या नावात गडाचाच फोटो, गावाच्या नावात गावचा समुद्र, असले बॅनर सगळ्यांनी बघितलेत आणि ट्रिक म्हणाल तर अगदी सोपी आहे. पण यूट्यूबवर बहुतेक जण हे इंग्रजी अक्षरांवर करून दाखवतात, तेच जसंच्या तसं मराठीला लावलं की घोळ होतो, कारण आपल्याकडे जोडाक्षरं आहेत आणि डोक्यावर आडवी रेघ आहे. म्हणून इथे 'सह्याद्री' हाच शब्द घेऊ, ह्यात ह्य पण आहे आणि द्री पण, हा जमला की बाकीचे शब्द किरकोळ.

सॉफ्टवेअर गिम्प घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि जोडाक्षरं मोडत नाही.

फॉन्ट जाडच पाहिजे, बारीक फॉन्टमध्ये फोटो दिसायला जागाच उरत नाही. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मोदक, बलू २ आणि मुक्ता असे फॉन्ट फुकट मिळतात. मोदक सगळ्यात गुबगुबीत, फोटो मस्त दिसतो पण अक्षरांमधल्या फटी एवढ्याशा आहेत की छोट्या साइजला वाचता येत नाही, म्हणून जास्त अक्षरांच्या लांब शब्दाला मी बलू २ चा एक्स्ट्रा बोल्डच लावतो. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही हां, शून्यच ठेवा, वाढवलं की शिरोरेषा मधेमधे तुटते.

आता काम. नवीन इमेज घ्या ३००० बाय १२०० पिक्सेलची (३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, १० बाय ४ इंच प्रिंट निघते). टी दाबून टेक्स्ट टूल घ्या, शब्द टाईप करा, जवळजवळ पूर्ण रुंदी भरेल एवढा मोठा करा, रंग कुठलाही चालेल. मग फाईल मेनूतून 'ओपन ॲज लेयर्स' करून फोटो आणा (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले थर). लेयर्सच्या पॅनलमध्ये नवीन लेयर ग्रुप बनवा आणि टेक्स्ट व फोटो दोन्ही त्यात ओढून टाका, फोटो वर, टेक्स्ट खाली, पांढरं बॅकग्राउंड मात्र ग्रुपच्या बाहेरच राहू द्या नाहीतर काहीच कापलं जाणार नाही. फोटोच्या लेयरवर राइट क्लिक, 'कंपोझिट मोड', त्यात 'क्लिप टू बॅकड्रॉप'. झालं, फोटो अक्षरांपुरताच उरतो.

बरेच जण 'अल्फा टू सिलेक्शन' करून लेयर मास्क (लेयरचा नको तो भाग झाकणारा पडदा) लावायला सांगतात, तेही चालतं, पण मग फोटो सरकवला की मास्क पण सोबत सरकतो. ह्या पद्धतीत फोटो हवा तसा हलवता येतो आणि शब्दात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर टेक्स्ट लेयरवर जाऊन सरळ दुरुस्त करता येतं. हलवताना मूव्ह टूलच्या ऑप्शनमध्ये 'मूव्ह द ॲक्टिव्ह लेयर' (गिम्प ३ मध्ये 'मूव्ह द सिलेक्टेड लेयर्स') निवडा, नाहीतर भलताच लेयर हातात येतो.

खरी मजा इथून पुढे. डोंगराच्या फोटोत आकाश वर असतं आणि शिरोरेषा पण वरच. पावसाळ्यातला कोकणकड्याचा फोटो असेल तर आकाश पांढरंफटक, मागे बॅकग्राउंड पण पांढरं, शिरोरेषा गायब आणि सह्याद्री एकदम गुजराती दिसायला लागतो! म्हणून शिफ्ट एसने फोटो मोठा करा आणि वर सरकवा, आकाश अक्षरांच्या बाहेर गेलं पाहिजे आणि शिरोरेषेत कड्याचा काळा दगड किंवा हिरवळ आली पाहिजे. आकाश हवंच असेल तर बॅकग्राउंड गडद करा. नाहीतर टेक्स्ट लेयरची कॉपी करून ती ग्रुपच्या बाहेर, खाली ठेवा, रंग गडद द्या आणि १०-१२ पिक्सेल उजवीकडे-खाली सरकवा, सावली तयार आणि कडा पण उठून दिसतात.

माणसांचे फोटो शक्यतो भरू नका. डोळा नेमका दोन अक्षरांच्या फटीत जातो, मग वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दादा एकडोळे.

फोटोशॉपवाल्यांसाठी: फोटो टेक्स्टच्या लगेच वर ठेवा, फोटोचा लेयर निवडून कंट्रोल ऑल्ट जी, मॅकवर कमांड ऑप्शन जी, संपलं. पण 'द्री' फुटून 'द्‌री' दिसत असेल किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत असेल तर जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा (त्याहून जुन्याला 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' लिहिलेलं असतं, अगदी नव्या व्हर्जनमध्ये हा पर्याय उरलेला नाही) आणि नवीन फाईलमध्ये शब्द परत टाईप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर आला असेल तर तो इथे पेस्ट करून उपयोग नाही, अगम्य चिन्हंच दिसणार.

शेवटी एक्सपोर्ट करून पीएनजी घ्या, पण एक्ससीएफ (गिम्पची स्वतःची) फाईल पण सेव्ह करा, बदल तिच्यातच करता येतात. पारदर्शक पाहिजे असेल तर एक्सपोर्टच्या आधी लेयर्सच्या पॅनलमध्ये बॅकग्राउंडशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद करा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, फोटो म्हणून पाठवलं तर पारदर्शकपणा जातो आणि क्वालिटी पण.