कोकणातल्या बातम्यांवर मत ठोकताना या चुका टाळा

कोकणातली बातमी असली की आपल्याला मत असतंच. हेलियम असो, कातळशिल्पं असोत, ढगफुटी असो नाहीतर व्हेलची उलटी, गणपतीला सगळी मंडळी जमली की आरती संपून प्रसाद वाटून होईस्तोवर वाद पेटलेला असतो, आणि मजा म्हणजे बहुतेक वेळा दोघंही अर्धे अर्धे बरोबर असतात. कारण हेडिंगमधेच दोन वेगळ्या गोष्टी एकीला एक चिकटवलेल्या असतात, एकाने एक टोक धरलेलं, दुसऱ्याने दुसरं. तो जोड कुठे आहे ते आधी बघायचं आणि मग तोंड उघडायचं, माझं म्हणणं एवढंच. खाली नेहमीचे घोटाळे देतोय, क्रम असा काही नाही, जे जास्त वेळा ऐकतो ते आधी.

हेलियम आणि विजयदुर्ग

दर १८ ऑगस्टला ही बातमी येतेच. 'विजयदुर्गावरून लॉकयर साहेबाने १८६८ साली हेलियम शोधला.' मग एक गट अभिमानाने छाती फुगवतो, दुसरा गट म्हणतो सगळी थाप आहे, साहेब इथे आलाच नव्हता. दोघांचंही चुकतं.

झालं असं की १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि त्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन भारतात आला होता, पण तो होता तिकडे आंध्रात, गुंटूरला. सूर्याच्या कडेला ज्या ज्वाळा दिसतात त्यांचा प्रकाश त्याने वर्णपटातून, म्हणजे रंग वेगळे करून, पाहिला आणि त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील हे त्याच्या डोक्यात आलं, दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाहिल्यासुद्धा. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्यावेळी इंग्लंडमधे होता. त्याने तिथूनच, ग्रहणबिहण काही नसताना, २० ऑक्टोबर १८६८ ला तेच काम स्वतंत्रपणे केलं आणि त्यात एक पिवळी रेषा होती जी सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. ती रेषा ज्या अनोळखी मूलद्रव्याची मानली गेली त्याचं नाव पुढे हेलियम पडलं. पृथ्वीवर हा वायू सापडायला १८९५ साल उजाडलं, रॅमसेने तो युरेनियमच्या एका खनिजातून काढला.

मग विजयदुर्ग कुठे आला? तर लॉकयर विजयदुर्गावर आला होता, नक्की आला होता, पण तो १८९८ साली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला त्याची तुकडी किल्ल्यावर तळ टाकून होती आणि मदतीला मेल्पोमीन या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी होते. म्हणजे किल्ल्यावरच्या ज्या ओट्यांना लोक साहेबाचे ओटे म्हणतात, कोणी कट्टे म्हणतात, त्यांचा साहेब खरा आहे, फक्त तीस वर्षं इकडची तिकडे झालीत. त्याच ग्रहणाला करमाळ्याकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगामवाला स्वतःची उपकरणं घेऊन बसले होते, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती गोष्ट जास्त भारी वाटते.

आता हे विजयदुर्गातल्या एखाद्या काकांना सांगायचं कसं? "काका, ही अफवा आहे" असं सुरू केलंत की संपलंच, ते पुढचं ऐकणारच नाहीत. "काका, साहेब इथे आला होता तो १८९८ ला ना?" असं विचारा. काका स्वतःच म्हणतील, मग ६८ चं काय, आणि मग गुंटूरची गोष्ट सांगायला मोकळे.

'युनेस्कोने दर्जा दिला'

याच्यावर तर गेले दोन गणपती भांडणं चाललीत. दोन वेगळ्या याद्या आहेत हो. जुलै २०२५ मधे जागतिक वारसा यादीत गेले ते किल्ले, 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने एकूण १२, त्यातले आपल्या कोकणातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. जंजिरा त्यात नाही, पद्मदुर्ग पण नाही, तेव्हा मुरुडच्या लोकांना अभिनंदन करायला जाऊ नका, चिडतात.

कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, आहेत ती संभाव्य यादीत, २०२२ पासून. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक ठिकाण. संभाव्य यादी म्हणजे देशाने सांगितलं की पुढे कधीतरी आम्ही हे अर्जात घालणार आहोत. तिथे नाव असल्याशिवाय अर्ज करता येत नाही, पण नाव आहे म्हणजे दर्जा मिळाला असं नाही. ज्याने 'मिळाला' म्हटलं तो किल्ल्यांचं बोलतोय की शिल्पांचं एवढं विचारलंत तरी निम्मं भांडण मिटतं.

दुसरी चूक वयाची. एका बातमीत १० हजार वर्षं, दुसरीत २०, तिसरीत ४०, आणि मग कोणीतरी येतो की कार्बन डेटिंग करा ना, एका दिवसात कळेल. जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) कोरलंय ते, त्यात कार्बन कुठून आणणार? कार्बन डेटिंगला कधीतरी जिवंत असलेलं काहीतरी लागतं, लाकूड, कोळसा, हाड, शिंपला, आणि तेही साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालतं. दगड कोरला म्हणून दगडातलं घड्याळ नव्याने सुरू होत नाही. मग वय काढतात कसं, तर आडून. आसपास सापडलेली दगडी हत्यारं, कोरलेली जनावरं कुठली (कशेळीचा तो अवाढव्य हत्ती, काही ठिकाणी गेंडा, जो आता कोकणात औषधालाही नाही), शेतीची चित्रं नाहीत म्हणजे शेतीच्या आधीची माणसं असावीत, असे अंदाज जोडत जायचे. म्हणून आकडे वेगवेगळे येतात आणि म्हणूनच ते आकडे 'सिद्ध झालं' म्हणून मिरवायचे नसतात, तसेच 'शास्त्रज्ञांनाच माहीत नाही' म्हणून उडवायचेही नसतात. आणि हो, सड्यावर जाऊन शिल्पाच्या कडा खडूने रंगवून फोटो काढणारे भेटले तर त्यांना मात्र काय बोलायचं ते बोला, तिथे माझी काही हरकत नाही.

तारखांचे वाद

६ जून आला की रायगडाच्या बातम्या आणि त्याखालोखाल 'तिथीचा खरा की तारखेचा' हे सुरू. राज्याभिषेक झाला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ला. त्या दिवशी इंग्रजांच्या कॅलेंडरात तारीख होती ६ जून १६७४. म्हणजे दोन्ही एकच दिवस. फक्त इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरायचे, आजच्या कॅलेंडरने मोजलं तर तो दिवस १६ जूनला येतो, हे तिसरं टोक कोणाच्या ध्यानात नसतं.

कोकणच्या इतिहासात हा घोटाळा जरा जास्तच होतो कारण इथे मुंबईला इंग्रज बसलेले आणि चौल, वसई, गोव्याला पोर्तुगीज. पोर्तुगीजांनी १५८२ लाच नवं कॅलेंडर घेतलं, इंग्रजांनी घेतलं १७५२ ला. तेव्हा शिवकाळातली एकच घटना गोव्याच्या कागदात १० दिवस पुढच्या तारखेला आणि मुंबईच्या पत्रात १० दिवस मागच्या तारखेला दिसते, आणि मग आपला इतिहासप्रेमी मित्र टेबलावर हात आपटून सांगतो की एक कागद बनावट आहे. बनावट नाहीये रे बाबा. वर इंग्रजांचं वर्ष बदलायचं २५ मार्चला. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण इंग्रजांच्या हिशेबाने तेव्हा अजून १६६३ च चालू होतं, म्हणून कुठे १६६३ दिसेल, कुठे १६६३ आणि ६४ दोन्ही जोडून लिहिलेले. आणि शकाचं: ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे. पौष, माघ, फाल्गुनातल्या घटनांवर वाद निघाला की आधी हे तपासा.

पाऊस

'काल रेड अलर्ट दिला आणि ऊन पडलं, हवामान खातं काय कामाचं.' अलर्ट असतो अख्ख्या जिल्ह्याला, तुमच्या अंगणाला नव्हे. आंबोलीत धो धो कोसळत असतो आणि त्याच वेळी देवगडला लोक कपडे वाळत घालत असतात, जिल्हा एकच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. तो पावसाचा वायदा नसतो, धोका किती आणि शक्यता किती हे दोन्ही मिळून रंग ठरतो.

त्याहून मोठी गंमत आकड्याची. हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस मोजला जातो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. म्हणजे आज सकाळी जो आकडा येतो त्यातला बराचसा पाऊस कालचा असतो. दुपारी तुमच्या पऱ्याला पूर आला आणि बातमीत आकडा बारीक दिसला तर खोटं लपवतायत म्हणून ओरडायच्या आधी उद्याचा आकडा येऊ द्या. ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. मिलिमीटर डोळ्यासमोर येत नसेल तर एक मीटर बाय एक मीटरची लादी धरा, १ मिलिमीटर म्हणजे त्यावर १ लिटर पाणी. २०० मिलिमीटर म्हणजे त्या एवढ्याशा लादीवर २०० लिटरचा आख्खा पिंप ओतलेला, आता तुमच्या खळ्याच्या लाद्या मोजा.

आणि दर मोठ्या सरीला ढगफुटी म्हणू नका. एका छोट्या भागात तासाभरात साधारण १०० मिलिमीटर पडला तर ढगफुटी. रात्रभर पडून २५० झाला तर तो भयंकर पाऊस आहे, पण ढगफुटी नाही.

सर्वात उंच, सर्वात लांब

रत्नागिरीजवळचा पानवलचा रेल्वे पूल (मुंबईजवळचं पनवेल नव्हे, कृपया), ६४ मीटर उंच, आणि करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. 'देशात सर्वात' म्हणून या दोघांचे फोटो अजून फिरतात. कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा ते बरोबर होतं. २०१३ ला पीर पंजालचा ११ किलोमीटरचा बोगदा झाला, २०२५ ला चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल सुरू झाला. 'सर्वात' दिसलं की बातमीची तारीख बघायची, बस.

४३२ चं खूळ

संगीताच्या बातम्यांत सध्या हे जोरात आहे. वाद्यं ४४० हर्ट्झला लावली तर म्हणे ते माणसाला अस्वस्थ करतं, ४३२ हे आपलं प्राचीन, वैदिक, निसर्गाचं. आमच्याकडे डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) तयारीला एका पोराने बुवांना हेच ऐकवलं, पेटी ४३२ ला लावून घ्या म्हणून मागेच लागला. बुवांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "मेल्या, माझो सा काळी दोनचो, गळो बसलो की पांढरी दोन. ह्येच्यात तुझां ४३२ खंय बसता?"

काळी दोन, पांढरी दोन म्हणजे पेटीच्या पट्ट्या, आणि बुवांनी दोन वाक्यांत मुद्दा संपवला. ४४० हा आकडा आहे पेटीच्या पांढरी सहाचा, पाश्चात्त्य वादकांना एकत्र वाजवता यावं म्हणून १९३९ ला लंडनच्या बैठकीत ठरवलेला, आणि त्याच्याही आधी १८३४ ला श्टुटगार्टला हाच आकडा सुचवला गेला होता, त्यामुळे हिटलरच्या लोकांनी आणला वगैरे जे फिरतं तेही टिकत नाही. आपल्याकडे सा गळ्याप्रमाणे सरकतो, बाईमाणूस काळी चारला गाईल, बुवा काळी दोनला. आणि हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ते वेदकाळात कोण मोजत बसलं होतं? दोन्हीतला फरक अर्ध्या स्वराच्या जेमतेम एक तृतीयांश. ४३२ ऐकून बरं वाटत असेल तर जरूर ऐका, त्याला कोणाची ना नाही, पण 'बरं वाटतं' आणि 'प्राचीन आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

उरलेसुरले

रात्री लाटा निळ्या चमकल्या की केमिकल सोडलं, रेडिएशन आहे अशी बोंब होते. बहुतेक वेळा ते नॉक्टिलुका नावाचे सूक्ष्म जीव असतात, पाणी ढवळलं की चमकतात, लाट फुटते तिथेच जास्त चमक दिसते ती त्यामुळेच. ओंजळीत पाणी घेऊन हलवून बघा. हां, हे जीव इतके वाढले का, पाण्यात सांडपाण्याचं खत जास्त होतंय का, हा प्रश्न बरोबर आहे, तो विचारा.

आणि व्हेलची उलटी. 'किनाऱ्यावर कोट्यवधींची उलटी सापडली, नशीब फळफळलं.' एक तर व्हेल मासा नाही, सस्तन प्राणी आहे. दुसरं, हे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, माकुळांच्या टणक चोची पचत नाहीत त्यांच्याभोवती, आणि बरेचदा ते बाहेर पडतं ते तोंडातून नव्हेच. तिसरं आणि महत्त्वाचं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली याची खरेदीविक्री गुन्हा आहे, त्यामुळे बातमीतली ती किंमत कोणालाच मिळत नसते, मिळते ती पोलिसांची गाडी. कधी खरंच असा मेणचट वासाचा गोळा दिसला तर मुंबईच्या भाच्याला फोटो पाठवून भाव विचारत बसू नका, सरळ वनखात्याच्या १९२६ वर फोन लावा.